लहरींच्या टोकावरचे गाव : पाथरीतील बिनतारी श्रवण आणि दोषशोधनाचा इतिहास

घरात ठेवलेले यंत्र हवेतून येणारा आवाज नीट का पकडत नाही, हा प्रश्न वायफाय आणि ‘स्मार्ट स्पीकर’ यांच्या आगमनाने निर्माण झालेला नाही. मराठवाड्यातील तालुक्याच्या गावांत तो रेडिओबरोबरच आला, आणि प्रक्षेपण केंद्रांपासून जी गावे दूर होती तेथे तो अधिक तीव्र झाला. परभणी जिल्ह्यातील पाथरी हे अशा गावांचे बोलके उदाहरण आहे. नकाशावर सरळ रेषेने मोजले तर पाथरीपासून हैदराबाद आणि पुणे ही दोन्ही शहरे सुमारे तीन-तीनशे किलोमीटरवर पडतात, मुंबई त्याहून पाऊणशे किलोमीटर पलीकडे राहते आणि औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, सुमारे १४० किलोमीटरवर आहे. १९६८ पर्यंत पाथरीकराला जे काही ऐकायचे असे ते या किंवा याहूनही दूरच्या ठिकाणांहून येई, त्यामुळे प्रत्येक केंद्राच्या दृष्टीने पाथरी शेवटच्या टोकावरचे गाव होते. टोकावरच्या गावात आवाज आपोआप येत नाही, तो आणावा लागतो. आणि आणण्याचे हे काम केंद्रावरच्या अभियंत्याच्या नव्हे, तर ऐकणाऱ्याच्या घरात होते.

सीमेवर असण्याचा अनुभव या गावाला नवा नव्हता. अहमदनगरच्या निजामशाहीचा मूळ पुरुष पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातला होता असे फेरिश्ता हा इतिहासकार नोंदवितो, आणि सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात याच ठाण्यासाठी निजामशाही व वऱ्हाडची इमादशाही यांच्यात युद्धे झाली. अकबराच्या काळातील व्यवस्थेत पाथरी हे वऱ्हाड सुभ्यातील एका ‘सरकार’चे, म्हणजे अनेक परगण्यांच्या मोठ्या विभागाचे, मुख्य ठिकाण होते. पुढे हा मुलूख हैदराबादच्या निजामाकडे गेला आणि १९४८ पर्यंत तेथेच राहिला. गावाच्या श्रवणाचा इतिहास हैदराबादपासून सुरू करावा लागतो तो या शेवटच्या गोष्टीमुळे.

ब्रिटिश मुलखात मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, पण त्याचा प्रक्षेपक, म्हणजे लहरी हवेत सोडणारे यंत्र, अवघ्या दीड किलोवॉट शक्तीचा होता आणि मराठवाड्यात तो आवाज नियमितपणे पोहोचणे शक्य नव्हते. हैदराबाद शहरात १९३० च्या दशकाच्या आरंभी खासगी हौसेतून निघालेले २०० वॉटचे लहानसे केंद्र १९३५ मध्ये निजाम सरकारने ताब्यात घेतले, आणि त्यानंतर ‘डेक्कन रेडिओ’ या नावाने ते संस्थानचे केंद्र झाले. उर्दू ही त्याची मुख्य भाषा असली तरी तेलुगू, मराठी आणि कन्नड भाषांनाही त्यात जागा होती. पुढे औरंगाबादलाही संस्थानने कमी शक्तीचे एक केंद्र उभारले. भारतात विलीन झालेल्या संस्थानांच्या इतर काही केंद्रांप्रमाणे ही दोन्ही केंद्रे १ एप्रिल १९५० रोजी आकाशवाणीकडे आली, पण औरंगाबादचे केंद्र काही वर्षांतच बंद झाले. मराठवाड्याच्या दृष्टीने ही हानी लहान नव्हती, कारण कमी शक्तीचे असले तरी ते जवळचे केंद्र होते, आणि मध्यम लहरींच्या ग्रहणात अंतराला फार मोठे महत्त्व असते.

त्या काळी पाथरीसारख्या गावात रेडिओ असलाच तर तो एखाद्या देशमुखाच्या वाड्यात, वकिलाच्या किंवा कापसाच्या व्यापाऱ्याच्या बैठकीत असणार, आणि तो विजेवर चालणारा नसणार. विजेविना चालणाऱ्या त्या काळच्या संचाला दोन वेगळ्या विद्युतघटांची गरज असे. संचातील व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या निर्वात नळीत तापलेल्या तारेच्या साहाय्याने लहरींचे वर्धन करणारे भाग, तापविण्यासाठी आम्लाचा दोन व्होल्टचा घट लागे. आणि त्या नळ्यांतून प्रवाह वाहावा म्हणून ९० व्होल्टच्या आसपासची कोरडी बॅटरी लागे. आम्लाचा घट उतरला की ज्या ठिकाणी वीजनिर्मितीचे यंत्र असेल तेथे भरण्यासाठी पाठवावा लागे, आणि तो परत येईपर्यंत संच मुका राही. त्यामुळे घरातल्या श्रवणातील पहिला दोष बहुतेक वेळा शक्तीचा असे, लहरीचा नव्हे. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण आजही तो बदललेला नाही.

दुसरा प्रश्न एरियलचा आणि अर्थिंगचा. एरियल म्हणजे लहरी पकडण्यासाठी उंचावर ताणलेली तार. माळवदाच्या, म्हणजे लाकडी तुळयांवर माती अंथरून केलेल्या सपाट छताच्या, दोन टोकांना बांबू रोवून, तारेच्या दोन्ही टोकांना चिनी मातीचे विद्युतरोधक अडकवून ती ताणली जाई आणि तिची एक शाखा खिडकीतून संचापर्यंत आणली जाई. तारेला जागा नसेल तर तांब्याच्या जाळीची पट्टी खोलीतच भिंतीला लावण्याची पद्धत होती, पण दूरच्या केंद्रासाठी ती अपुरी पडे. अर्थिंग म्हणजे संचाचे दुसरे टोक जमिनीशी जोडणे. त्यासाठी ओलसर जागी लोखंडी नळी पुरून तिच्याभोवती मीठ व कोळसा घालीत. काळ्या मातीच्या या प्रदेशात पावसाळ्यात ही जोडणी उत्तम काम करी, पण एप्रिल-मे महिन्यांत जमिनीला भेगा पडल्या की माती नळीपासून सुटे आणि तोच संच, त्याच तारेवर, क्षीण ऐकू येऊ लागे. अर्थिंगच्या खड्ड्यात घागरभर पाणी ओतणे हा त्यावरचा उपाय होता, आणि तो शास्त्रीयदृष्ट्या पूर्णपणे बरोबर होता. वळवाच्या पावसात वीज कडाडू लागली की एरियल संचापासून सोडवून जमिनीला जोडावी लागे.

सप्टेंबर १९४८ मध्ये या संचांना वेगळेच महत्त्व आले. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला शरणागतीची घोषणा झाली, ती हैदराबादच्या नभोवाणीवरूनच. निजामसमर्थक सशस्त्र रझाकारांच्या धाकाखाली असलेल्या मराठवाड्यातील गावांना ही बातमी ज्या साधनांनी त्याच दिवशी कळू शकत होती त्यांत रेडिओ हे सर्वांत वेगवान साधन होते, आणि ज्या घरी तो नीट लागत होता त्या घराची ओसरी त्या संध्याकाळी गावाची झाली असणार, यात शंका घेण्याचे कारण नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. राज्य बदलले तसे पाथरीचे ‘आपले’ केंद्रही कागदोपत्री बदलले. हैदराबादऐवजी मुंबई आणि २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालेले पुणे ही आता मराठी श्रोत्याची केंद्रे झाली. पण लहरी राज्यपुनर्रचनेचा कायदा मानीत नाहीत. पुण्याचे केंद्र हैदराबादइतकेच दूर होते आणि मुंबईचे त्याहून दूर. १९५६ च्या आरंभी युनेस्कोच्या साहाय्याने शेतकऱ्यांच्या श्रवण मंडळांचा जो प्रसिद्ध प्रयोग पुणे केंद्रावरून झाला, तो पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांपुरता होता. गावकऱ्यांनी एकत्र बसून शेतीविषयक कार्यक्रम ऐकायचा, नंतर त्यावर चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे, अशी त्याची रचना होती. परभणी त्या वेळी दुसऱ्या राज्यात होते. मराठी बोलणारा, कोरडवाहू शेती करणारा आणि अशा कार्यक्रमाची सर्वांत अधिक गरज असलेला हा जिल्हा त्या प्रयोगाबाहेर राहिला, आणि १९५९ मध्ये ती योजना देशभर नेण्यात आली तरी जवळचे केंद्र नसल्याने तिचा खरा लाभ येथे मिळणे कठीण होते. मराठवाड्याच्या अनुशेषाची चर्चा रस्ते, सिंचन आणि शाळा यांच्या आकड्यांत होते. श्रवणाचा हा अनुशेष त्या यादीत क्वचितच येतो, तो यायला हवा.

१९५६ ते १९६८ या बारा वर्षांत पाथरीतला श्रोता दिवसा आणि रात्री वेगळ्या जगात राहत होता. मध्यम लहरी, म्हणजे सुमारे २०० ते ५५० मीटर लांबीच्या लहरी, दिवसा केवळ जमिनीला धरून प्रवास करतात आणि अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होतात. वातावरणाच्या वरच्या भागात सूर्यप्रकाशामुळे विद्युतभारित झालेला एक थर आकाशाकडे गेलेल्या लहरी शोषून टाकतो. सूर्य मावळला की तो खालचा थर विरतो, त्याच्या वरचे थर मात्र टिकून राहतात आणि त्यांच्यावरून परावर्तित झालेल्या लहरी शेकडो किलोमीटर दूर उतरतात. म्हणूनच दुपारी केवळ खरखर देणारे पुणे दिवेलागणीनंतर स्पष्ट बोलू लागे, आणि मध्येच आवाज दूर जाऊन पुन्हा जवळ येई, कारण थरांची उंची सतत हलत असते. दिवसाची ही पोकळी लघुलहरींनी भरून काढली. १९५० च्या दशकात चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली असताना सिलोनहून २५, ३१ आणि ४१ मीटरच्या पट्ट्यांवर येणारी गाणी मराठवाड्यात पुण्याहून अधिक सहज ऐकू येत. हजाराहून अधिक किलोमीटरवरचे केंद्र जवळ आणि तीनशे किलोमीटरवरचे दूर, असा हा उलटा भूगोल होता.

१९६८ मध्ये परभणीला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले आणि हा भूगोल सुलटा झाला. परभणी पाथरीच्या जवळजवळ थेट पूर्वेला, सरळ रेषेने सुमारे ३५ किलोमीटरवर आहे. १३०५ किलोहर्ट्झची, म्हणजे सुमारे २३० मीटर लांबीची त्याची लहर एवढ्या अंतरावर भर दुपारीही जमिनीलगत पोहोचते. परभणीत हैदराबाद संस्थानच्या काळापासून, १९१८ पासून, शेतीचे प्रयोगक्षेत्र होते, १९५६ मध्ये कृषी महाविद्यालय आले होते आणि १९७२ मध्ये मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्यामुळे केंद्राला शेतीच्या कार्यक्रमांसाठी तज्ज्ञ शेजारीच मिळाले आणि कापूस, ज्वारी, तूर यांविषयीचा सल्ला परिसरातल्या बोलीच्या वळणाने घराघरांत गेला. १९७२ च्या दुष्काळाच्या वेळी हे केंद्र चार वर्षांचे झालेले होते. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी पुढे पाथरी तालुक्यात आले आणि ऊस वाढला, तेव्हा बदललेल्या पिकांची भाषाही श्रोत्यांना याच केंद्राने शिकविली.

त्याच सुमारास ट्रान्झिस्टरने घर गाठले. व्हॉल्व्हची जागा घेणारा हा अर्धवाहकाचा लहान भाग १९४७ च्या अखेरीस अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मला आणि १९६० च्या दशकात त्याचे संच भारतात पसरले. त्यांना आम्लाचा घट नको, एरियल नको, साधे सेल पुरत. माळवदावरची तार उतरली, कारण एरियल आता संचाच्या पोटात गेली होती. फेराइट या चुंबकीय द्रव्याच्या दांडीवर गुंडाळलेली तार हीच ती एरियल, आणि तिचा एक गुण प्रत्येक शेतकऱ्याला अनुभवाने ठाऊक झाला: संच फिरवला की स्टेशन लागते किंवा जाते. दांडी बहुधा संचाच्या लांबीला समांतर बसवलेली असते, आणि ज्या केंद्राकडे तिचे मधले अंग वळलेले असेल ते केंद्र मोठे ऐकू येते. ज्याच्याकडे तिचे टोक असेल ते जवळजवळ नाहीसे होते. परभणी पूर्वेला असल्याने पाथरीत संच दक्षिणोत्तर लांब ठेवला की परभणी उत्तम लागे. मुंबई त्याच रेषेवर उलट दिशेला, पश्चिमेला, आणि पुणे त्या रेषेपासून थोडे दक्षिणेकडे झुकलेले असल्याने तीच ठेवण या दोघांनाही चाले. हैदराबाद मात्र आग्नेयेला आहे आणि त्यासाठी संच तिरका करावा लागे. रात्री दोन केंद्रे एकमेकांत मिसळली तर संच हळूहळू फिरवून नको असलेल्या केंद्राकडे दांडीचे टोक नेणे हा त्यावरचा खरा उपाय होता. खांद्यावर ट्रान्झिस्टर घेऊन शेताच्या बांधावर उभा असलेला माणूस तो मधूनमधून फिरवीत असे तेव्हा तो दिशाशोधनाची एक जुनी शास्त्रीय रीत वापरीत होता.

या काळाचे सर्वांत मोठे ज्ञान रेडिओ मेकॅनिककडे होते. तालुक्याच्या बाजारपेठेत एक-दोन तरी अशी दुकाने असत. लाकडी पाटावर डाख देण्याची तापलेली सळई, कथिलाची तार, मीटर आणि उघडे संच. त्याची दोषशोधनाची रीत कानाने चाले. सतत घुमणारा खालच्या पट्टीतला आवाज आला तर विजेचा प्रवाह गाळणारा कंडेन्सर सुकला आहे; आवाजाचे बटण फिरवताना खरखर आली तर त्याखालचा कार्बनचा पट्टा झिजला आहे; काटा फिरवताना खरखर आली तर केंद्र बदलणाऱ्या पत्र्यांत धूळ आहे; संच चिरका बोलू लागला किंवा फुटफुट आवाज करू लागला तर सेल उतरले आहेत; आणि ठोकल्यावर आवाज येऊन पुन्हा गेला तर कुठे तरी कथिलाचा जोड सुटला आहे. पूर्ण मुक्या संचात तो स्पीकरपासून मागे मागे जाई: शेवटच्या टप्प्यावर पेचकसाचे टोक लावले आणि स्पीकरमध्ये गुणगुण उमटली तर तेथपर्यंत संच जिवंत आहे, मग त्याआधीचा टप्पा, मग त्याआधीचा, आणि जेथे गुणगुण उमटत नाही तेथे दोष. ही रीत पुस्तकांतही आहे आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या रेडिओ-दूरचित्रवाणी अभ्यासक्रमातही ती शिकवली जाई, पण गावोगाव ती पसरली उस्तादाच्या हाताखाली बसून. जायकवाडीच्या पाण्यामागोमाग विहिरींवर आणि कालव्याकाठी विद्युतपंप वाढले तेव्हा याच मेकॅनिकने ओळखले की संध्याकाळी येणारी तडतड संचातली नाही, शेजारच्या मोटरच्या ठिणग्यांची आहे. दोष यंत्रात आहे, घरात आहे की हवेत आहे, हे वेगळे करणे हेच त्याच्या विद्येचे सार होते.

परवान्याचा उल्लेख येथे करावा लागतो. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्याविना संच बाळगणे हा गुन्हा ठरवला होता, आणि स्वातंत्र्यानंतर अनेक वर्षे प्रत्येक रेडिओधारक पोस्टात जाऊन दरवर्षी शुल्क भरून पुस्तिका नवी करून घेई. १९८० च्या दशकात ही पद्धत संपली. पण कायदा राहिला, आणि पुढची गोष्ट त्याच्याशीच जोडलेली आहे. वायफाय ही संगणकांना तारेविना जोडणारी पद्धत. तिचे पहिले प्रमाण १९९७ मध्ये ठरले आणि नाव १९९९ मध्ये रूढ झाले. भारतात जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा, त्याच १९३३ च्या आणि १८८५ च्या तार कायद्याखाली, परवानामुक्त केला गेला, आणि ५ गिगाहर्ट्झचा पट्टा २०१८ मध्ये अधिक व्यापकपणे मोकळा झाला. या मोकळीकीला एक अट आहे, ती घराघरांतल्या तक्रारींच्या मुळाशी आहे: या पट्ट्यात कोणालाही दुसऱ्याच्या हस्तक्षेपापासून संरक्षण नाही. परभणी केंद्राची लहर त्या केंद्राची असते. वायफायची लहर शेजाऱ्याचीही असते, ब्लूटूथचीही असते आणि मायक्रोवेव्ह भट्टीचीही असते.

मधला काळ थोडक्यात सांगण्याजोगा आहे. एसटीडी बूथ आले, मोबाइल आला, २०१६ नंतर स्वस्त डेटामुळे फोन हाच रेडिओ झाला, आणि काचतंतूच्या तारा तालुक्याच्या गावांत पोहोचल्यावर घरोघरी राउटर, म्हणजे बाहेरून आलेली इंटरनेटची जोडणी घरातल्या यंत्रांना वाटून देणारा डबा, बसू लागला. स्मार्ट स्पीकर ॲमेझॉनने २०१४ मध्ये अमेरिकेत आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये भारतात आणला. गूगलचा २०१८ च्या एप्रिलमध्ये आला. दिसायला तो रेडिओच आहे, पण त्याच्या पोटात स्टेशन पकडणारे काहीच नाही. ठरलेला शब्द ऐकला की तो पुढचे बोलणे ध्वनिमुद्रित करून वायफायने राउटरकडे, तेथून तंतूने सेवा पुरवठादाराकडे आणि तेथून दूरच्या संगणकांकडे पाठवतो. उत्तर आणि गाणे त्याच वाटेने परत येते. २०१९ पासून आकाशवाणीच्या काही भाषिक सेवाही या स्पीकरवर मिळू लागल्या. मराठीची गोष्ट मात्र अर्धवट राहिली: गूगलच्या सहायकाला २०१८ मध्ये फोनवर मराठी आली, ॲमेझॉनच्या अलेक्साला २०१९ मध्ये हिंदी आली, पण पाथरीतल्या आजीला आजही स्पीकरशी हिंदीतच बोलावे लागते. डेक्कन रेडिओनेदेखील मराठीला वेळापत्रकात जागा दिली होती.

या नव्या यंत्राच्या दोषशोधनात सर्वांत मोठा फरक असा की ते खरखरत नाही. रेडिओ बिघडताना बोलत असे आणि त्या बोलण्यातून दोषाची जात कळे. अंकीय यंत्र एक तर स्वच्छ ऐकवते किंवा जोडणी नाही एवढे एकच वाक्य म्हणून थांबते, मग दोष राउटरचा असो, तंतूचा असो वा दूरच्या संगणकाचा. म्हणून मेकॅनिकची मागे मागे जाण्याची रीत येथे कानाऐवजी दिव्यांवर चालवावी लागते. फोनवर त्याच वायफायने एखादे पान उघडते का, हे आधी पाहावे; उघडत असेल तर राउटर आणि तंतू निर्दोष, दोष स्पीकरच्या जोडणीत. उघडत नसेल तर तंतूच्या डब्यावरचा, म्हणजे काचतंतूची तार घरात जेथे येते त्या डब्यावरचा, ‘एलओएस’ हा दिवा लाल आहे का पाहावे. तो लाल असेल तर प्रकाश येतच नाही, तंतू कुठे तरी तुटला आहे, आणि कल्याण–निर्मल महामार्गासारख्या रस्त्याच्या कडेने खोदकाम चालू असताना हे वारंवार घडते. दिवा लाल नसूनही पान उघडत नसेल तर प्रश्न बहुधा पुरवठादाराकडचा. एवढ्या तीन पायऱ्यांत बहुतेक दोषांचे घर सापडते.

दोष घरातच असेल तेव्हा जुन्या वाड्याच्या भिंती प्रश्नात येतात. परभणीच्या २३० मीटर लांबीच्या लहरीला दोन-तीन फूट रुंदीची पांढऱ्या मातीची भिंत जवळजवळ दिसतच नाही, पण वायफायची २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरची आहे आणि ५ गिगाहर्ट्झची सहा सेंटिमीटरच्या आसपास, त्यामुळे तीच भिंत तिचा मोठा भाग गिळते, आणि ओली झाल्यावर अधिकच. पत्र्याचे छत, लोखंडी कपाट, पाण्याची टाकी ही तिला अडवतात वा परतवतात. बैठकीतल्या खिडकीशी बसवलेला राउटर आणि माजघरापलीकडच्या स्वयंपाकघरातला स्पीकर यांच्यात अशा दोन भिंती आल्या की फोन, ज्याला जागा बदलता येते, चालतो आणि स्पीकर, जो एका जागी बसलेला आहे, अडखळतो. राउटर घराच्या मध्यावर, भिंतीतल्या देवळीत न कोंबता उंचावर आणि उघड्यावर ठेवणे हा पहिला उपाय आहे. दूरच्या खोलीतल्या स्पीकरला ५ ऐवजी २.४ गिगाहर्ट्झवर जोडणे हा दुसरा. आणि काही स्वस्त यंत्रांना ५ गिगाहर्ट्झचा पट्टा कळतच नाही, त्यामुळे नवा स्पीकर जोडताना राउटरने दोन्ही पट्टे एकाच नावाखाली मिसळले असतील तर ते काही वेळ वेगळे करावे लागतात. २.४ च्या पट्ट्यातील एकमेकांवर न पडणारे मार्ग तीनच आहेत, १, ६ आणि ११ क्रमांकांचे. भिंतीला भिंत लागून असलेल्या पेठेत शेजाऱ्यांचे राउटर एकाच मार्गावर आले तर संध्याकाळी गाणे तुटते, जसे एकेकाळी रात्री दोन केंद्रे एकमेकांत मिसळत.

आणि शक्तीचा प्रश्न अजूनही पहिलाच आहे. लाईट गेली की स्पीकर, राउटर आणि तंतूचा डबा तिघेही एकदम मुके होतात. आल्यावर स्पीकर लवकर जागा होतो, राउटरला दोन-तीन मिनिटे लागतात, आणि तोवर जोडणी न सापडल्याने स्पीकर चुकीचा निष्कर्ष काढून बसतो. राउटर आधी पूर्ण सुरू होऊ द्यावा, मग स्पीकरची वायर काढून पुन्हा लावावी, एवढ्याने हा दोष जातो. राउटर आणि तंतूच्या डब्याला लहान बॅटरीवर ठेवले तर तो उद्भवतच नाही. राउटरचा संकेतशब्द बदलल्यावर स्पीकर जुन्याच शब्दाने दार ठोठावत राहतो, हाही नेहमीचा दोष. त्याला फोनवरच्या ॲपमधून नव्याने ओळख करून द्यावी लागते.

या सर्व दुरुस्त्या सोप्या आहेत, पण त्या करायच्या कोणी हे ठरलेले नाही. तंतू पुरवणाऱ्याची जबाबदारी डब्यापर्यंत प्रकाश पोहोचला की संपते, स्पीकर विकणाऱ्याची जबाबदारी यंत्र सुरू झाले की संपते, आणि त्या दोघांच्या मधली दोन खोल्यांची हवा कोणाच्याच करारात नसते. रेडिओच्या काळात ती हवा मेकॅनिकच्या कामाचा भाग होती: तो घरी येई, एरियल पाही, अर्थिंगला हात लावी आणि संच कोणत्या भिंतीशी ठेवायचा ते सांगे. बाजारपेठेतल्या त्या दुकानांच्या जागी आता मोबाइल दुरुस्ती आणि सीसीटीव्ही बसविण्याची दुकाने आहेत, आणि त्यांतल्या तरुणांना राउटरची जागा, मार्ग आणि पट्टे यांचे ज्ञान काही महिन्यांत देता येण्याजोगे आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांत त्याला जागा करून द्यावी लागेल, आणि अभ्यासक्रमाची भाषा मराठी ठेवावी लागेल.